पांढऱ्या केसांची लाज आणि मोरीतली बाटली

भुसावळच्या आयुध निर्माणीत १९४९ सालापासून पेट्या बनतात. दारूगोळा ज्यात नीट राहावा असे डबे, पिंपं आणि पेट्या. शेजारच्या वरणगावला काडतुसं तयार होतात, दीपनगरला कोळसा जाळून वीज. या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून गावात रेल्वे आहे. तिच्या गार्डाच्या पेटीत अडचणीच्या वेळी रुळावर लावायचे डिटोनेटर असतात. रेल्वेतले लोक त्यांना पटाखे म्हणतात. त्या प्रत्येक पटाख्यावर तो कधी बनला ते साल छापलेलं असतं, त्याची मुदत ठरलेली असते, डबा ठरलेला असतो. घातक वस्तू कशी हाताळायची हे पगार देऊन ज्या गावांना शिकवलं, अशी गावं महाराष्ट्रात मोजायला बसलात तर भुसावळचं नाव पहिल्या काहींत घ्यावं लागेल.

आणि याच गावातला, कामावर हेल्मेट आणि बूट घातल्याशिवाय दारातून आत न सोडला जाणारा माणूस रविवारी सकाळी बनियनवर मोरीत बसतो आणि आमटीच्या वाटीत केसांचा रंग कालवतो. खोक्यातले हातमोजे तो बाजूला टाकतो, कारण त्यात बोटं घामेजतात. दात घासायच्या जुन्या ब्रशने आधी कल्ले, मग डोकं, मग मिशी, आणि जाता जाता एकेक हात भुवयांवरून. वाटीत उरलेला रंग 'पुढच्या रविवारी कामी येईल' म्हणून बाटलीत भरून ठेवतो. अर्धी पुडी दुमडून खिडकीत, साबणाच्या शेजारी. वाटी संध्याकाळपर्यंत घासून पुन्हा मांडणीवर.

त्याच्या बायकोचं वेगळं नाही. ती फक्त दुपारी करते, सगळे निजलेले असताना.

याला अज्ञान म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण ही माणसं वाचणारी आहेत. गॅसच्या टाकीचा रबरी पाइप कधी बदलायचा हे त्यांना ठाऊक असतं, कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा घरात आणू नये हेही ठाऊक असतं. केसांच्या रंगापाशीच हे शहाणपण का थांबतं? माझ्या मते याचं उत्तर रसायनात नाही, लाजेत आहे. केस रंगवणं आपल्याकडे चोरून करायची गोष्ट आहे आणि चोरून केलेल्या कामात कोणी माहितीपत्रक उलगडून वाचत बसत नाही. पाहुणे यायच्या आदल्या रात्री, हळदीच्या दिवशी पहाटे, निवृत्तीच्या समारंभाला दोन तास उरले असताना ते उरकायचं असतं. कोणी विचारलं तर 'मेंदी लावली होती' म्हणायचं असतं. दार लावून, खिडकीही लावून, वारा कोंडून. खोकं लगेच फाडून कचऱ्यात, म्हणजे त्यावरची सूचनाही कचऱ्यात. लाज माणसाला जे जे करायला लावते ते ते नेमकं या वस्तूच्या बाबतीत धोक्याचं आहे.

रंग काम कसं करतो ते समजून घेतलं तर हे पटेल. बाजारातल्या बहुतेक टिकाऊ काळ्या रंगांत पॅरा-फेनिलिन-डायअमीन नावाचं रसायन असतं. डॉक्टर आणि कारखानदार त्याला पीपीडी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात डांबरापासून रंग काढण्याची जी विद्या युरोपात फोफावली तिचंच हे अपत्य. त्याचा केसांसाठीचा व्यापार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॅरिसमध्ये यूजीन श्युलर या रसायनशास्त्रज्ञाने मांडला, आणि त्याने १९०९ मध्ये काढलेली कंपनी पुढे जगभर पसरली. पीपीडीचा कण मूळचा इवलासा आणि जवळपास बिनरंगाचा असतो, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. त्याच्याबरोबर असतो हायड्रोजन पेरॉक्साइड. पुडी पाण्यात कालवायची असेल तर तशाच कामाचं दुसरं काही त्या पावडरीतच मिसळलेलं असतं. आत गेल्यावर दोघांची क्रिया होऊन कण एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात, काळे होतात आणि केसातच अडकतात. म्हणून रंग धुतला तरी जात नाही. पण ही क्रिया चालू असताना मधल्या टप्प्यावर जे पदार्थ तयार होतात ते फार चळवळे असतात. केस सोडून कातडीशी गाठ पडली तर ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात, आणि काही माणसांचं शरीर त्या चिकटण्याची कायमची आठवण ठेवतं. यालाच अॅलर्जी म्हणायचं. एकदा ती जडली की ती जन्माची. २००६ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने पीपीडीला 'वर्षातला अॅलर्जीकारक पदार्थ' असा उलटा मानही देऊन टाकला.

आपल्याला हवा असतो काळाभोर. रंग जितका गडद तितकं सामान्यतः पीपीडी जास्त. गोऱ्या मडमेच्या तपकिरी बटांसाठी जेवढं लागतं तेवढ्यावर आपलं भागत नाही, तेव्हा आपण त्यांच्याहून जास्त जपायला हवं. होतं उलटंच.

'अहो, मी दहा वर्षं लावतोय, मला काही झालं नाही' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. या आजाराचं वैशिष्ट्यच हे की तो अकराव्या वर्षीही सुरू होतो. दहा वर्षं शरीर मुकाट्याने हिशेब ठेवत असतं. म्हणून आपल्या देशाच्या नियमांतही, २०२० च्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांसकट, अशा रंगाच्या वेष्टणावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणं बंधनकारक आहे. आधी चाचणी घ्या, आणि हा रंग पापण्यांना वा भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. चाचणी कशी घ्यायची तेही त्यात असतं. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा साबणाने धुऊन थोडा रंग लावायचा, वाळू द्यायचा, चोवीस तासांनी धुऊन बघायचं. युरोपात अठ्ठेचाळीस तास थांबायला सांगतात. मला तेच बरं वाटतं, कारण ही खाज पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते. लाल झालं, फोड आला, खाजलं, तर तो रंग आपला नव्हे, विषय संपला. आणि ही चाचणी प्रत्येक वेळी घ्यायची असते, पहिल्यांदाच घेऊन भागत नाही. पण ज्याला रंग लावल्याचं कोणाला कळू द्यायचं नाही तो दोन दिवस आधी कानामागे काळा ठिपका घेऊन ड्युटीवर कसा जाईल?

भुवयांचा इशारा कोणा भित्र्या बाबूने लिहिलेला नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या-भुवया काळ्या करायचा 'लॅश लूर' नावाचा रंग निघाला होता. त्यात पीपीडीच्या जातीचंच रसायन होतं. त्याने बायकांच्या डोळ्यांना फोड आले, एकीची दृष्टी गेली, एक तर दगावली. तोपर्यंत तिथल्या सरकारला सौंदर्यप्रसाधनांवर अधिकारच नव्हता. तो मिळाला १९३८ च्या कायद्याने, आणि तो कायदा व्हावा म्हणून त्या आंधळ्या झालेल्या बाईचे आधीचे आणि नंतरचे फोटो लोकांपुढे मांडले गेले. आपल्या खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत जी ओळ असते तिच्यामागे असं कोणाचं तरी आयुष्य आहे. दुकानदाराकडे रंग मागताना त्यावर मराठी सूचना आहे का हे बघून घ्यावं आणि नसेल तर तसं मोठ्याने विचारावं. मोठ्याने, हे महत्त्वाचं. आपण तर तो कागदात गुंडाळून मागतो.

आता मेंदीकडे येऊ, कारण खानदेशात मेंदीचा विषय आखाजीशिवाय पुरा होत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पोरीबाळींचे हात रंगतात. खऱ्या मेंदीच्या पाल्यात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याचा रंग केशरी ते विटकरी, एवढाच. काळा नाही. कधीच नाही. पाला कितीही चांगला असो, चहाचं पाणी घाला की लोखंडी कढईत रात्रभर भिजवा, तळहातावर डांबरासारखा काळा रंग तो देत नाही. म्हणून जो कोन अर्ध्या तासात कुळकुळीत काळी नक्षी उमटवतो, किंवा जी 'काळी मेंदी' एका धुण्यात डोकं काळं करते, तिच्यात पाल्याशिवाय आणखी काहीतरी आहे असं समजावं. पुष्कळदा ते काहीतरी पीपीडीच असतं, आणि कोनात ते किती घातलं याला धरबंध नसतो. सातआठ वर्षांच्या मुलीच्या हातावर आखाजीला अशी नक्षी काढली तर तेव्हा कदाचित थोडं खाजेल, नक्षीच्या रेघांवर पुरळ उठेल, आठवड्यात बरंही वाटेल. पण शरीराने नोंद घेतलेली असते. तीच मुलगी पस्तिशीत पहिल्यांदा डोक्याला रंग लावेल तेव्हा तिचे डोळे सुजून मिटतील आणि कोणाला आखाजी आठवणार नाही.

'हर्बल' या शब्दाचंही असंच आहे. खोक्यावर आवळा, भृंगराज आणि जास्वंदीची चित्रं असली तरी मागच्या बाजूला घटकांची यादी असते. तिच्यात फेनिलिन-डायअमीन हे नाव सापडलं की पुढची चित्रं विसरावीत. 'अमोनिया नाही' ही दुसरी भुरळ. अमोनियाचं काम केसांचे पापुद्रे उघडायचं. तो नसला तर वास कमी येतो, डोळे चुरचुरत नाहीत. पीपीडी नाही असा त्याचा अर्थ होत नाही. वास गेला म्हणजे धोका गेला असं मानणाऱ्यांनी दीपनगरला जाऊन विजेचा वास येतो का ते विचारावं.

कर्करोगाची भीती मात्र जरा बेताने धरावी. घरी अधूनमधून रंग लावणाऱ्यांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ठाम निष्कर्ष काढलेला नाही. ज्यांचे हात रोज त्यात असतात त्या सलूनवाल्यांच्या धंद्याला मात्र तिने बहुधा धोकादायक या गटात ठेवलं आहे. आपण दाढी-कटिंगबरोबर 'जरा कलर मारून दे' म्हणतो, तेव्हा त्या पोराच्या हातात मोजे आहेत का हे कोणी बघत नाही. त्याची बोटं काळी पडून भेगाळलेली असतात. मोजे मागितले तर गिऱ्हाईक हसतं, म्हणे डॉक्टर झालास का. गिऱ्हाइकाने उलट मोज्यांशिवाय हात लावू देऊ नये. सलूनमध्ये त्यापरतं मोठं समाजकार्य सध्या मला दिसत नाही.

हे सगळं लपूनछपून करावं लागतं त्याचं मूळ शोधायला गेलं तर ते थेट आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात जाऊन पोचतं. केसांवरून बाईची किंमत ठरवणं आपल्याला नवीन नाही. नवरा मेला की तिचं डोकं भादरायचं, ही रीत मोडायला आगरकरांनी १८८८ मध्ये काढलेल्या 'सुधारका'तून टीका केली आणि १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनीच ठरवलं की विधवेच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांतून आलेली ही गोष्ट. ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानेच तो खाली ठेवला, याचं मोल मला त्या काळातल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त वाटतं.

वस्तरा गेला, पण हिशेब गेला का? आजही पन्नाशीतली बाई पांढऱ्या केसांनी लग्नात गेली की तिला विचारतात, 'बरं नाही का गं तुला?' तिच्याच वयाचा नवरा तसाच आला तर तो भारदस्त दिसतो. मुलाच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की वरमाईने केस काळे करायचे, नाहीतर पाहुण्यांना ती आजी वाटेल. आणि तीच बाई पुढे विधवा झाली आणि तरीही रंग लावत राहिली तर गल्लीतले डोळे म्हणतात, आता कोणासाठी? लावला तर नटवी, नाही लावला तर म्हातारी. अशा कात्रीत सापडलेली बाई रंग लपवेल नाही तर काय करेल? तो ती पिठाच्या डब्यामागे लपवते, चादरींच्या घडीत लपवते, बाटलीवरचं लेबल खरवडते. घरातल्या पोराला ती बिनलेबलाची बाटली सापडते तेव्हा ती कशाची हे त्यालाही माहीत नसतं.

पुरुषांचं दुखणं निराळं असलं तरी कमी नाही. 'माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत' असं ठासून सांगणारे, ज्यांना भुसावळच्या मे महिन्यात हे वाक्य बोलायचा खास अधिकार आहे असे कितीतरी गृहस्थ, ते सांगताना स्वतः जांभळट काळ्या डोक्याने बसलेले असतात. अनुभवाचा मान हवा, खूण नको.

मी केस रंगवू नका असं म्हणत नाही. कोणाला हौस असेल, कोणाला नोकरीच्या ठिकाणी बरं वाटत असेल, कोणाला आरशात स्वतःची जुनी ओळख हवी असेल. ते ज्याचं त्याने ठरवावं, आणि त्यात कोणी नैतिकतेची फूटपट्टी घेऊन उभं राहू नये. माझं म्हणणं इतकंच की लावायचा तर उघड लावा. घरात सांगून लावा. खिडकी उघडी ठेवा. खोकं जपून ठेवा. हातमोजे घाला. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची घ्या, ती फक्त याच कामाची असू द्या आणि तिच्यावर मार्करने तसं लिहा. धातूच्या भांड्यात पेरॉक्साइड बिघडतं हे एक कारण, आणि ती वाटी पुन्हा जेवणाच्या पंगतीत येते हे त्याहून मोठं. डोक्यावर ओरखडा, गळू, फोड असेल तर त्या दिवशी नकोच. घड्याळ लावा; सूचनेत जितकी मिनिटं लिहिली आहेत तितकीच, रात्रभर डोक्याला फडकं बांधून झोपायचं नाही. मिशीला लावताना आपण तो पदार्थ तोंडाच्या दारातच ठेवतोय हे ध्यानात असू द्या. भुवयांना कधीच नाही.

कालवून झालेला रंग उरला तर टाकून द्यायचा. पुडी वाया गेली म्हणून जीव हळहळतो हे मला कळतं, पण कालवलेल्या रंगातली क्रिया थांबत नाही, त्यातून वायू सुटत राहतो. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवलात तर ती फुगते, फुटते. आणि हे आपल्या हवेत. एप्रिल-मे मध्ये इथे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, पत्र्याखालच्या न्हाणीघरात तर त्याहून जास्त. न उघडलेली बाटलीसुद्धा थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा असं जे छापलेलं असतं ते गार मुलखातल्या लोकांना उद्देशून समजू नये, ते आपल्यालाच आहे. पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली पेरॉक्साइडची बाटली ही मोरीतली सगळ्यात वाईट जागी ठेवलेली वस्तू आहे. एक आणखी. सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानातून मोठा कॅन आणून तो कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत वाटून घ्यायची पद्धत काही ठिकाणी आहे. ते पाण्यासारखं किंवा दुधासारखं दिसतं. याहून अधिक लिहायला नको.

पण या रंगाचा सगळ्यात जड भाग कातडीचा नाही, पोटाचा आहे. तो पोटात गेला तर जे होतं त्याचं वर्णन मोकळेपणाने करायला हवं, कारण पुष्कळांना हे विष आहे हेच माहीत नाही. काही तासांत चेहरा, जीभ, मान सुजू लागते. सूज श्वासाच्या वाटेवर आली तर गळ्याला छेद देऊन श्वासाची सोय करावी लागते. नंतर स्नायू विरघळू लागतात, लघवी चहासारखी किंवा कोकासारखी काळपट होते, मूत्रपिंडं बंद पडतात, हृदयावरही परिणाम होतो. याला नेमका असा उतारा नाही. वेळेत मिळालेला श्वास, सलाइन आणि डायलिसिस, एवढ्यावरच सगळं. सुदानमध्ये बायका मेंदीत पीपीडीचे खडे मिसळतात. तिथल्या खार्टूमच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकातच या विषबाधेची नोंद केली, त्यात मुलंही होती. आपल्याकडे वेल्लोरच्या, आंध्रातल्या, आणि झांशीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत असे रुग्ण आले, झांशीत तर शेकड्यांनी. झांशीच्या डॉक्टरांचा बुंदेलखंडावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. झांशी आपल्याला परकी नाही, पंजाब मेल भुसावळहून तिकडेच जाते. त्या सगळ्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. रुग्णांत तरुण बायका जास्त, आणि पुष्कळांच्या बाबतीत हा अपघात नव्हता. रागाच्या, अपमानाच्या एका क्षणी जे हाताशी होतं ते घेतलं गेलं.

हाताशी होतं, यावर थांबायला हवं. श्रीलंकेने १९८० आणि ९० च्या दशकांपासून सर्वांत जहाल कीटकनाशकं एकेक करून बाजारातून काढली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. तिथल्या लोकांची दुःखं काही ७० टक्क्यांनी कमी झाली नव्हती. ज्याला मरायचं आहे तो काहीही करून मरतोच, हा आपल्या ओट्यांवर फार विद्वत्तेने सांगितला जाणारा सिद्धांत त्या आकड्याने खोटा पाडला. तो क्षण बहुतेकदा टळतो, आणि टळलेला माणूस पुढे पुष्कळ वर्षं जगतो. मध्ये एक कुलूप असलं, किल्ली मागायला दुसऱ्या माणसाकडे जावं लागलं, तरी तेवढा वेळ मिळतो. घरात कोणी फार उदास असेल, बोलणं बंद केलं असेल, तर फवारणीचं औषध जसं घराबाहेर काढता तसा हा रंगही काढा आणि त्या माणसाशी बोला. 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तिथे फोन करण्यात लाज नाही. निदान डोक्याला रंग लावण्याइतकी तरी नसावी.

आणि कोणाच्या पोटात रंग गेलाच, पोराने चाखला असो की आणखी काही, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नये. दूध, तूप, लिंबू, काही नको. माणूस अजून बोलतोय, चालतोय, चेहरा ठीक दिसतोय म्हणून घरी थांबू नये, कारण सूज नंतर येते. १०८ ला फोन करून ज्या दवाखान्यात कृत्रिम श्वासाची सोय आहे तिथे न्यावं. भुसावळहून जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पंचवीसेक किलोमीटर आहे. खोकं, पुडी, बाटली, जे असेल ते बरोबर न्यावं, म्हणजे डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. खोकं फाडून फेकायची सवय इथेही आडवी येते. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक निःशुल्क आहे, तो डॉक्टरही वापरतात. डोळ्यात रंग गेला तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं डोळा उघडा धरून धुवावा आणि मग डॉक्टरांकडे जावं. आणि तिथे गेल्यावर खरं सांगावं. 'काहीतरी चावलं असेल' असं सांगून चेहऱ्याची सूज दाखवणारी माणसं आहेत. डॉक्टर मग किडा शोधत बसतात.

रेल्वेत गार्डाच्या पेटीतल्या पटाख्यांची कोणाला लाज वाटत नाही, म्हणूनच ते नीट ठेवले जातात. त्यांचं नाव घेता येतं, त्यांची मोजदाद करता येते, मुदत संपली की ते बदलता येतात. घरातल्या रंगाला हाच मान हवा. एक छोटा डबा, त्यावर ठळक अक्षरांत नाव, आत खोकं सूचनेसकट, वर कुलूप. डबा पोरांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर आणि स्वयंपाकघरापासून दूर. त्यात उंदीर मारायचं औषध, फिनेल, डांबरगोळ्या ठेवायलाही हरकत नाही, फक्त रंगाजवळ सांडू नयेत.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या यादीत कोणीतरी गंभीरपणे घ्यावी. दरवर्षी वाण म्हणून काय काय लुटलं जातं! प्लास्टिकचे डबे, चहाच्या गाळण्या, चमचे, मोबाइल ठेवायच्या पिशव्या. घरात वाणाच्या डब्यांचा मनोरा झालेला असतो. यंदा महिला मंडळांनी आणि बचत गटांनी वाण म्हणून कुलूप लुटावं. साधं, छोटं, दोन किल्ल्यांचं. कुलूप अशुभ असतं असं कोणी म्हणालंच तर त्या बाईला विचारावं की मग दागिन्यांच्या कपाटाला काय लावता? तीळगूळ देताना सांगावं की एक किल्ली आपल्याकडे, दुसरी घरात जिच्याशी मोकळं बोलता येतं तिच्याकडे. आणि हळदीकुंकू लावून घ्यायला पुढे वाकलेलं कपाळ पांढऱ्या केसांचं असेल, विधवेचं असेल, तर तिलाही तेवढंच सरळ द्यावं. कुलपावर कोणाचाच हक्क कमी नाही. तिने ते कुलूप कशाला लावलं, हे मात्र पुढच्या वर्षी कोणी विचारू नये.